गाडीला बांधलेला दादरा

कौतिक मिस्त्रीला बुऱ्हाणपुरात एकही माणूस माणसासारखा दिसत नसे. केळीवाले अडाणी, मागवाले आंधळे, मास्तर भुकेकंगाल, आणि ज्याचं मीठ तो खात होता ते लोटूशेठ सगळ्यांत मोठं गाढव. संस्थानं विलीन झाली, तेव्हा माळव्याकडच्या एका लहानशा राजानं आपल्या मोटारी विकून टाकल्या. त्यातली एक काळी गाडी लोटूशेठनं घेतली आणि तिच्याबरोबर, आंदणाबरोबर दासी यावी तसा, कौतिक आपल्या गावी परत आला.

येताना तो दरबारचा बडा मिस्त्री होऊन आला. खरी गोष्ट अशी की, राजाच्या गॅरेजात साडेअकरा वर्षं तो एअर क्लीनर धूत होता. इंजिनाच्या डोक्यावर ते लोखंडी भांडं बसतं. आत तारेची जाळी, बुडाला ऑइल. हवा त्यातून गाळून इंजिनात जाते आणि धूळ तेलाला चिकटून राहते. सात मोटारींची सात भांडी दर रविवारी धुवायची, एवढंच त्याचं काम. इंजिनाला हात लावू देत नसत. बुऱ्हाणपुरात हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये यासाठी तो जिवाचं रान करी.

म्हणूनच वर्षभर त्यानं ते भांडं उघडलं नाही. ज्या गादीवर राणीसाहेब बसायच्या तिथं केळीचे घड लादून लोटूशेठ शाहपुरच्या धुळीतून गाडी हाकत. ते पाहून कौतिकच्या अंगाचा तिळपापड होई. एकदा शेठनं विचारलं, "मिस्त्री, येवढी धूळ इंजिनात जात असंन ना?"

"ते वरचं भांडं धुणं हलकं काम आहे शेठ," कौतिक म्हणाला. "दरबारात त्याच्यासाठी वेगळे नोकर होते. तुमच्या घरच्यांना सांगा, धूळ जाऊ नका देऊ."

घरच्यांनी, म्हणजे मालूबाईंनी, ते ऐकलं. शेठाणी कामाची बाई. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं त्यांनी मलमलीचं दुहेरी फडकं भांड्याच्या तोंडाला घट्ट बांधलं. धूळ जायची नाही, बस्स. कौतिकनं बॉनेट उघडलं असतं तर त्याला ते दिसलं असतं. पण बडा मिस्त्री रोज बॉनेट कशाला उघडेल?

पंधरा दिवसांत गाडीला धाप लागू लागली. काळा धूर, चढावर जीव जाई. कौतिक बॉनेट न उघडताच पेट्रोलला दोष देई. लोटूशेठ वैतागले. "खंडव्याचा मिस्त्री बोलावू का?" असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि कौतिकची झोप उडाली. तो खरा मिस्त्री आला तर आपलं पितळ उघडं पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मालूबाईंना माहेरी असीरगढला सोडायला लोटूशेठ कौतिकला घेऊन निघाले त्या दिवशी निंबोला गाव मागं टाकलं आणि चढावर गाडी बसली ती बसलीच. कौतिक उतरला. प्लग काढले, फुंकले, लावले. तारा ओढल्या. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढलं आणि थुंकला. वरच्या भांड्याकडं मात्र त्यानं मुद्दाम पाहिलं नाही. तासाभरात शेतांतली माणसं गोळा झाली. आपले हात थरथरताहेत हे त्यालाच कळत होतं, आणि त्याचा राग तो त्या माणसांवर काढत होता. "काय तमाशा आहे का? जनावरं कुठली!"

मागच्या सीटवरून मालूबाई म्हणाल्या, "मिस्त्री, ते वरचं भांडं पाह्यलं का?"

"वहिनी, इथं लोणचं घालायचं नाही."

पण दुसरं काही सुचेना, म्हणून अखेर त्यानं तिकडं पाहिलं. दादरा धुळीनं काळा ठिक्कर पडला होता. कौतिकचा जीव भांड्यात पडला. त्यानं फडकं ओढून काढलं, चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं आणि ओरडून म्हणाला, "बघा, राजाच्या गाडीला बरणी समजून राह्यले हे लोक!" माणसं हसली. मालूबाईंनी पदर पुढं ओढला.

आतली जाळी वर्षभराच्या चिखलानं बुजलेली होती. आता धुणं भाग होतं. जवळच्या दुकानातून घासलेट आलं. कौतिकनं मांडी घातली, जाळी बुचकळली, तीन झटके देऊन तिरपी निथळत ठेवली, बोटानं भांड्याचं बूड कोरलं, गाडीतल्या डब्यातलं नवं ऑइल न मोजता बरोबर रेघेपर्यंत ओतलं, कडेचं वायसर अंगठ्यानं दाबलं, झाकणाची चक्री फिरवली. पाच मिनिटं. एकदाही हात चुकला नाही. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

तो छाती काढून वळला. मालूबाई खाली उतरून शेजारीच उभ्या होत्या.

"प्लग धरले तव्हा तुमचे हात कापत होते, मिस्त्री," त्या म्हणाल्या, अगदी साधेपणानं. "हे मात्र डोळे मिटून केलं. दरबारात तुम्ही हेच करत होते ना?"

लोटूशेठ त्याच्याकडं पाहू लागले.

"मंग वर्षभर कायले नाही केलं?" मालूबाईंनी विचारलं. "येवढं छान तर येतं तुम्हाले."

आता बाकीच्या कामाला खंडव्याचा मिस्त्री येतो. दर रविवारी मालूबाई ओट्यावर बसतात आणि समोर कौतिक एअर क्लीनर धुतो. खंडव्याच्या मिस्त्रीला तो अजूनही गाढव म्हणतो, पण हळू आवाजात.