घड्याळाला हळद लागली

कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा पाजताय, तर सांगतोच. माझ्याच लग्नाचा मुहूर्त मी अडवून धरला होता, आणि तोही घड्याळजी असून!

सोलापुरात मंगळवार पेठेत माझं लहानसं दुकान. तेव्हा मनगटी घड्याळ म्हणजे साहेबी थाट. लग्नात आपण स्वतः बनवलेलंच घालायचं, असं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. एका मोडक्या घड्याळाचं यंत्र घेतलं. त्याच्या चाकांचे दात कानशीनं घासघासून नीट केले, चांदीची डबी ठोकली, तबकडीवर मराठी आकडे रंगवले. सेकंदाचा काटा काही जमला नाही. झाकणही अंमळ सैलच राहिलं. पण टिकटिक अशी गोड, की जेवतानासुद्धा मी ते कानाला लावून बसायचो!

लग्न मुलीकडे, टेंभुर्णीला. सकाळी हळद लावताना बायका म्हणाल्या, "नवरदेव, ते हातातलं काडा की!"

"छे! हे निघायचं नाही!"

त्यांना काय, त्यांनी घड्याळासकट मनगट माखलं.

मुहूर्त गोरज, संध्याकाळी सातचा. भटजींनी घंगाळात भोकाची वाटी तरंगत सोडली होती. ती बुडली की घटका भरली, असा हिशेब. मी म्हटलं, "काढा हो ते! घड्याळजीच्या लग्नात वाटी? वेळ मी सांगणार!" भटजींनी पाणी झाडाला घातलं.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी ऐटीत मनगट वर केलं, "सातला दोन मिनिटं कमी. चालू द्या!"

भटजींची संपली. मग मुलीच्या आत्यानं म्हटली. मग माझ्या मावशीनं. अक्षता संपल्या, लोक रिकाम्या मुठी उडवायला लागले! अंतरपाट धरणाऱ्यांचे हात लटपटत होते. गुरं कधीच गोठ्यात गेली होती.

सासरे जवळ आले. "जावईबापू, अंदार पडला की वो!"

"अहो, सूर्य चुकेल, हे चुकायचं नाही. अजून दोन मिनिटं!"

तेवढ्यात अंतरपाटाआडून नवरी आपल्या मामाला म्हणाली, "मामा, ते घड्याळ चालू हाय का, इचारा की."

मी घड्याळ कानाला लावलं. टिकटिक कुठली! सैल झाकणातून सकाळची हळद आत गेली होती, ती वाळून चाकं अडली होती आणि काटे कधीचे जागच्या जागी थिजलेले.

भटजींनी कपाळाला हात लावला. "मुहूर्त गेला हो!"

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. असल्या अपशकुनावरून मांडवातली लग्नं मोडत होती तेव्हा. आणि मुलगी मला मनापासून आवडली होती हो!

पुन्हा आडून आवाज आला, "मामा, येळ ते सांगनार, असं ठरलंय न्हवं? त्यांच्या घड्याळात सात वाजायचंच हाईत अजून. मग मुहूर्त गेला कसा?"

सगळा मांडव खदखदून हसला. भटजीसुद्धा! हसता हसताच त्यांनी "सावधान" म्हटलं आणि अंतरपाट दूर झाला.

माळ घालताना तिनं गालातल्या गालात हसत हळूच विचारलं, "किती वाजलं वो?"

आणि सोलापूरचा हा घड्याळजी काय बोलला असेल?

"तू म्हणशील तेवढे!"