आबांची पेंडतुला आणि माझे शंभर पौंड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मी दचकेन, आणि दचकले की पुढचं विसरते. मी कशालाही दचकते हो. मांजरानं भांडं पाडलं तरी माझ्या हातातला कप सुटतो. आणि असल्या बाईच्या हाती गावानं आपल्या चेअरमनचं वजन सोपवावं? सोपवलं. मग झालं ते ऐका.

दुष्काळाचं दुसरं साल. नेकनूरकडचं आमचं गाव. विहिरींचे तळ दिसायला लागले होते, घराघरातला कडबा संपला होता आणि सगळी जनावरं सोसायटीच्या छावणीवर नेऊन बांधली होती. मी नुकतीच बी.ए. होऊन सोसायटीत कारकून लागले होते. पण तात्पुरती! पोरगी कायम होईस्तोवर चहात साखर घालणार नाही, असा आमच्या आईचा नवस. म्हणजे माझ्या नोकरीपायी घरात दोघींची तोंडं कडू.

आमचे चेअरमन म्हणजे आबा. मन मोठं आणि देह मनापेक्षा मोठा. त्यांच्या वाढदिवसाला तुला करायचं गावानं ठरवलं. एरवी पुढाऱ्यांची गुळाची होते, पेढ्यांची होते. आबा म्हणाले, "जनावरं उपाशी अन् मी पेढ्यासंगं बसू व्हय?" मग ठरली पेंडतुला. एका पारड्यात आबा, दुसऱ्यात सरकीची पेंड, आणि ती पेंड छावणीला दान.

अडचण एवढीच, की पेंड मिळायची मारामार. आमचे सेक्रेटरी भास्करराव म्हणाले, आधी आबांचं नेमकं वजन कळू द्या, तेवढीच पेंड धारूरच्या बाजारातून आणतो. जास्तीचं मूठभरही कुणी देणार नाही.

सोसायटीचं गोदाम होतं बंद पडलेल्या जुन्या जिनिंगमध्ये. तिथं कापसाच्या गाठी तोलायचा इंग्रजांच्या काळातला काटा होता. आबा त्यावर चढले, दांडी स्थिर झाली, आणि भास्कररावांनी माझ्याकडं पाहिलं. पितळी पट्टीवरची अक्षरं इंग्रजी होती.

"वाचा बाई. तुमी कॉलेजवाल्या."

काट्यावरूनच आबा म्हणाले, "ही तुला नीट पार पडली तर तुझं कायमचं काम करून टाकू, पोरी." झालं! माझ्या छातीत असं धडधडायला लागलं, की मला वाटलं दांडीसुद्धा हलतेय.

सी डब्ल्यू टीच्या खाली एक. क्यू आरच्या खाली तीन. एल बीच्या खाली अठरा. एल बी म्हणजे पौंड, हे माहीत होतं. पण बाकीचं? आम्ही पडलो किलो-ग्रॅमवाल्या पिढीतले. विचारायचं तरी कुणाला?

आणि डोक्यात दिवा लागला. सी म्हणजे रोमन आकड्यातला शंभर! डब्ल्यू टी म्हणजे वेट, वजन! म्हणजे हंड्रेडवेट, शंभर पौंडांचं वजन! आणि क्यू आर म्हणजे क्वार्टर, शंभराचा चौथा हिस्सा, पंचवीस! अहो, मला इतका आनंद झाला, की मी तिथंच टाळी वाजवली आणि स्वतःच्याच टाळीला दचकले.

मग काय, शंभर, अधिक तीन पंचवीस पंच्याहत्तर, अधिक अठरा. एकशे त्र्याण्णव पौंड. त्याचे झाले अठ्ठ्याऐंशी किलो. शुभकार्य म्हणून मी वर दोन किलो धरले आणि जाहीर केलं, आबा अठ्ठ्याऐंशी, म्हणून नव्वद किलो पेंड पुरे.

आबा काट्यावरून उतरताना थबकले. "अठ्ठ्याऐंशीच? मी तर सोताला शंभराच्या घरातला समजत हुतो." मग पोटावरून हात फिरवत खुशीत म्हणाले, "वाळलो की मी दुष्काळात."

इथं माझ्या मनात शंका यायला हवी होती की नाही? आली नाही. उलट आबांना वाळवल्याचं श्रेयसुद्धा मीच घेतलं.

तुलेच्या दिवशी छावणीतल्या लिंबाला ट्रकच्या साखळ्यांनी दोन मोठी पारडी टांगली होती. हलगी कडकडत होती, सगळं गाव जमलं होतं, जनावरंसुद्धा माना वळवून पेंडीकडं बघत होती. आबा हार घालून पारड्यात बसले. पारडं टेकलं जमिनीला. समोर एकेक पोतं चढायला लागलं. मी पुढंच उभी, नव्या साडीत. शेवटचं पोतं चढलं.

आबा जागचे हलले नाहीत.

साखळी नुसती करकरली आणि मी दचकून दोन पावलं मागं गेले. गर्दीतनं कुणीतरी विचारलं, "आबा, चिटकलाव का काय भुईला?" आबा हसत राहिले, पण ते हसू हळूहळू ताठरत चाललेलं मला दिसत होतं. भास्कररावांनी पारड्याखाली हात घालून पाहिला, दगडबिगड अडकलाय का. काही नव्हतं.

मी अजून पूर्ण विश्वासात. म्हणाले, "आबांनी सकाळी काहीतरी जड खाल्लं असेल."

आबांच्या शेजारी काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, उभ्या होत्या. त्या फणकारल्या, "दोन भाकरी खाल्ल्यात त्येंनी. तू माझ्या चुलीत कशापायी डोकावतीस गं?"

आणि तेवढ्यात ते वाक्य आलं. आबांच्या विरोधातले एक बापूराव होते, ते सावकाश म्हणाले, "माणूस जड झालं न्हाई, पेंड हलकी झालीय. धारूरहून येताना वाटंत पोतं फुटलं का, भास्करराव?"

हलगी थांबली. भास्करराव पांढरे पडले. जो माणूस सोसायटीच्या दौतीतली शाई घरच्या पत्राला वापरत नव्हता, त्याच्याकडं सगळं गाव आता त्यानंच पेंड खाल्ल्यासारखं बघत होतं. ते तडक गोदामात गेले आणि जुन्या काट्याचं एक लोखंडी वजन छातीशी धरून घेऊन आले. म्हणाले, हे टाकून बघा, काय तूट आहे ती तरी कळू द्या.

ते वजन माझ्या नाकासमोरून गेलं. त्यावर कोरलेलं होतं: हाफ सी डब्ल्यू टी. आणि त्याच्याखाली: छप्पन्न एल बी.

अर्ध्या शंभराचे छप्पन्न?

मी मनात पाढा म्हटला. शंभराचे अर्धे पन्नासच येत होते. लोखंडावर मात्र छप्पन्नच. म्हणजे पुरा हंड्रेडवेट एकशे बारा पौंडांचा, आणि क्वार्टर अठ्ठावीसचा! बोटांवर बेरीज केली. दोनशे चौदा पौंड. सत्त्याण्णव किलो. आबांचे सात किलो मी गिळून बसले होते, आणि ढेकर भास्कररावांच्या नावावर!

बोलावं, तर नोकरी गेली. गप्प बसावं, तर भास्कररावांची अब्रू गेली. तुम्हाला वाटेल मी धीर करून पुढं झाले. छे हो! माझे पाय जमिनीत रुतले होते. पण भास्कररावांनी ते वजन पारड्यात टाकलं, धाडकन आवाज झाला, मी दचकले आणि जोरात ओरडले, "एकशे बारा!"

"काय एकशे बारा?" आबांनी वरूनच विचारलं. वरूनच, कारण लोखंड पडताच त्यांचं पारडं उचललं गेलं होतं.

मग मी एका श्वासात सगळं ओकले. इंग्रजांचं शंभर एकशे बाराचं असतं, भास्कररावांनी पेंड पुरी आणली, कमी मी सांगितली. बापूराव घसा खाकरत मागं सरले. भास्कररावांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. आबांनी पोटावरून हात फिरवला.

"म्हंजी," ते म्हणाले, "मी वाळलो न्हाई?"

"नाही, आबा."

त्यांना खरं दुःख त्याचंच झालं असावं.

"काढा ते लोखंड," ते म्हणाले. "बैलं काय लोखंड खात्यात? पारड्यात पडंल ते छावणीच्या कामाचं पायजे."

वजन काढलं, आबा पुन्हा भुईला. आता सात किलो चारा आणायचा कुठून? कुणाच्या घरात काडी नव्हती. आबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"भास्करराव, छावणीवर हिशेबाला माणूस हाय का?"

"न्हाई आबा, लई दिवस झाले मागतोय."

"मग बस गं पोरी पारड्यात."

काकूंनी दंडाला धरून मला पोत्यांवर बसवलं. मी काळजीनं वाळलेली असले तरी सात किलोंपेक्षा बरीच जास्त भरते. आमचं पारडं धप्पकन खाली आणि आबा थेट लिंबाच्या पाल्यात! एक पायताण खाली पडलं, हार फांदीत अडकला, हलगी पुन्हा सुरू झाली. पाल्यातनं आवाज आला, "पारड्यात पडलं ते छावणीचं. ही आता कायम."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर झाले, तर छावणीच्या दारातल्या फळ्यावर भास्कररावांनी ठळक अक्षरांत खडूनं लिहिलं होतं:

"आबांच्या तुलेनिमित्त छावणीस मिळालेले दान. सरकी पेंड, नव्वद किलो. कारकून, एक नग."