एकच की वेगळी

उरणच्या कंटेनर यार्डात माझं काम सोपं आहे. फाटकावरचे कॅमेरे कंटेनरवरचे नंबर वाचतात आणि त्यांना शंका आली की मी बघते. कॅमेऱ्याला नंबर वाचता येतो, पण आत काय भरलंय ते त्याला कळत नाही, मग त्याला ज्ञान कसलं म्हणायचं, असं मी डबा खाताना तावातावाने सांगते. शेजारच्या टेबलावरची म्हणते, "तुला तरी कुठे माहीत असतं आत काय आहे ते?" इथे मी हरते, आणि हरले की माझा सगळा दिवस खराब जातो.

आई आगरदांड्याला भावाकडे असते. गेली दोन वर्षं तिला माणसं ओळखता येत नाहीत. भाऊ होडीवर, त्यामुळे तिचं सगळं वहिनीच बघते. मी महिन्यातले दोन रविवार जाते आणि चप्पल काढायच्या आत आईपुढे फोनमधले फोटो धरते. हा कोण? ही कोण? आणि शेवटी, मी कोण? कधी ती बरोबर सांगते, कधी नुसती हसते. चुकली की मी परत विचारते. वहिनी एकदा म्हणाली, "ताई, शाळा नका हो घेऊ त्यांची." मला राग आला, कारण तिचं खरं होतं.

त्या रविवारी एसटीत फोन चाळत होते. फोन आपला आपणच फोटोंमधली माणसं ओळखून वेगवेगळी लावतो. माझ्या कप्प्यात त्याने माझा शाळेतला फोटोही घातला होता, दोन वेण्या आणि पडलेला पुढचा दात. हा मला न सांगता ओळखतो आणि जिने जन्म दिला तिला ते जमत नाही, हे मला फार झोंबलं. फोन पर्समध्ये टाकला, परत काढला. आता त्याने आईचा एक जुना फोटो माझ्या आजच्या फोटोशेजारी लावला होता. त्यात आई माझ्याच वयाची होती. ही व्यक्ती एकच की वेगळी, असं तो विचारत होता. मी 'वेगळी' दाबलं, जरा जोरातच. चुकला म्हणून मला बरं वाटलं.

पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. आई ओटीवर बसली होती. तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "आये, कवा आलीस?"

तिची आई जाऊन तीस वर्षं झाली. फोनने मला आई ठरवलं होतं, आईने आजी. फोटो दाखवायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

वहिनीने ताटं वाढली. माझ्या आवडीची म्हणून तिने माशाची गाबोळी तळली होती. मी हात पुढे केला तशी आईने ताटली आपल्याकडे ओढली आणि वर वाडगा पालथा घातला.

"ती नको खाऊ, आये. माझ्या पोरीची हाय."

वहिनी बोलायला गेली, मी मानेनेच नको म्हटलं.

"कुठं हाय तुझी पोर?" मीच विचारलं.

"उरणला, कामाला. आज यायची हाय. गाडीत काय खात न्हाय ती, उलटी व्हते तिला."

खरं होतं. मी सकाळपासून उपाशी होते. फोनपाशी माझे लहानपणापासूनचे सगळे चेहरे आहेत, पण मी आले नाही तर त्याचं काही अडणार नाही. एरवी या मुद्द्यावर मी डब्याच्या सुट्टीत भांडण जिंकलं असतं. तिथे मात्र मला नुसतं रडू येत होतं. आई मला पुरती ओळखत होती, फक्त समोर बसलेली बाई तिच्या लेखी मी नव्हते.

"कशी हाय गं ती?"

"चिडकी हाय. भूक लागली की जास्तच."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली आणि लगेच उठून आत गेली.

मी आमटी-भात कालवला. आईचं जेवणात लक्ष नव्हतं, ती सारखी दाराकडे बघत होती.

"गाडी चुकली काय तिची?" तिने मला विचारलं.

"येईल," मी म्हटलं आणि पुढचा घास घेतला.