माझ्या सासऱ्यांनी ज्यांना गाडीतून उतरवलं

ज्या माणसाने एक आख्खी रेल्वे वाचवली, त्यालाच त्या रेल्वेतून, कुत्र्यासकट, रानातल्या स्टेशनावर उतरवून गाडी पुढे नेण्याचा मान आमच्या घराकडे आहे. आज मी हे पाहुण्यांना उभं राहून, हातवारे करून सांगते. त्या दिवशी मात्र मी कॉफीच्या किटलीमागे तोंड लपवत होते.

आधी रेल्वे कुठली ते सांगते. हॅनोव्हरपासून तासाभरावर एक जुनी, एकेरी लाइन आहे. तिच्यावरच्या गाड्या केव्हाच बंद झाल्या होत्या. रूळ उखडायची वेळ आली तेव्हा गावातल्या काही हट्टी लोकांनी ती मागून घेतली, भंगारात निघालेलं वाफेचं इंजिन आणलं, लाकडी बाकांचे डबे आणले आणि सुट्टीच्या दिवशी घासून, ठोकून, रंगवून ते सगळं पुन्हा चालतं केलं. पगार कुणालाच नाही. अशा मंडळाला तिकडे फेराइन म्हणतात. आपल्या गणेश मंडळात असतात तितकीच भांडणं त्यातही असतात, फक्त ती वेळेवर सुरू होतात आणि वेळेवर संपतात.

दोन हजार सालानंतर आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलो. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे, म्हणजे आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. त्या रविवारी या गाडीच्या गार्ड असत, म्हणून आपण त्यांना गार्डबाई म्हणू. एकदा त्यांनी मला गाडी दाखवायला नेलं. मी कॉलेजात एकांकिका गाजवलेली बाई. टोपी, शिट्टी आणि स्टेजभर वाफ! मी परत कशाला येतेय? पहिला हिवाळा त्यांनी मला तारेचा ब्रश देऊन डब्यांच्या दारांवरचा जुना रंग खरवडायला लावलं. माझी सगळी नखं गेली, पण माझी जिद्द पाहून मला बुफेच्या डब्यात कॉफी आणि केक विकायला नेमलं. तिथे मी प्रवाशांना डब्याचा इतिहास सांगू लागले. या बाकावर एका सरदारणीला भोवळ आली होती, त्या खिडकीतून एका वराने उडी मारली होती. गार्डबाईंनी एकदा दारात उभं राहून सगळं ऐकलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, की हा डबा दूध वाहायचा हे मला ठाऊक आहे ना.

हे माझं रविवारचं सुख चालू असताना आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भुसावळला वारल्या. बाबा एकटे राहिले. बाबा म्हणजे माझे सासरे, रेल्वेतले निवृत्त टी.सी. तिथल्या शेजारच्या ताईंनी फोनवर सांगितलं की ते दोन्ही वेळा चहा-बिस्किटावर राहतात आणि विचारलं तर जेवलो म्हणतात. आम्ही त्यांना बोलावून घेतलं. इकडे ते जेवू लागले, पण बोलेनासे झाले. जन्मभर रोज डबाभर माणसांशी वाद घातलेला हा माणूस! इथे वाद घालायला होती एकटी नात, आणि तीही मराठी ऐकून उत्तर जर्मनमध्ये द्यायची. एक दिवस त्यांनी मुलाला सांगितलं, "मला परत पाठव. इथे मी तुमच्या हॉलमधली आणखी एक खुर्ची झालोय."

नवऱ्याने पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारचं विमान ठरवलं. वडिलांचा शब्द तो मोडत नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती बशीतली बिस्किटं येत राहिली. मी ठरवलं, त्या शुक्रवारच्या आत काहीतरी घडवायचं.

मी बाबांना शेडमध्ये घेऊन जाऊ लागले. इंजिन पाहून ते खुलले. त्यांनी एक फडकं उचललं आणि पितळी नळी पुसायला घेतली. झालं! फेराइनमधले दोघं धावत आले, फडकं त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं, त्यांना खुर्चीत बसवलं, गुडघ्यावर घोंगडी टाकली आणि हातात केकची बशी दिली. पाहुणे ना! पुढच्या वेळी त्यांनी झाडू घेतला, तर झाडू गेला आणि सफरचंदाचा केक आला. जर्मन माणूस पाहुण्याशी फार चांगला वागतो, इतका चांगला की पाहुण्याला जीव नकोसा होतो. बाबा मला म्हणाले, "सूनबाई, घरी हॉलमध्ये खुर्ची होतो, इथे शेडमध्ये खुर्ची झालो. केक तेवढा जास्त."

शेवटी मी गार्डबाईंना गाठलं. बाबांना एक फेरी तिकिटं तपासू द्या म्हणून गळ घातली. बाबांना जर्मन येत नाही, ही गार्डबाईंची अडचण. मी म्हटलं, तिकीट तपासायला भाषा लागत नाही, नजर लागते. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "आल्झो," म्हणजे बरं तर, "एक रविवार," म्हणाल्या. "काही बिनसलं तर पुन्हा विचारायचं नाही."

तो रविवार विमानाच्या शुक्रवाराआधीचाच होता.

बाबांना जुन्या काळातला निळा कोट आणि लाल पट्टीची टोपी मिळाली. गळ्यात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. आमच्या गाडीची तिकिटं जुन्या पद्धतीची, छोटी आणि जाड पुठ्ठ्याची. बाबांनी त्यातलं एक हातात घेतलं, अंगठ्याने वाकवून पाहिलं आणि नाकाशी नेलं. टोपी सरळ केली आणि डब्यात शिरले.

मी त्यांना दोन शब्द शिकवले होते, "फारकार्टन, बिटे." तिकिटं दाखवा, एवढाच अर्थ. पण त्यामागे भुसावळची सगळी नोकरी उभी होती. सहलीला आलेली, सँडविच खात बसलेली माणसं एकदम ताठ झाली. एका आजींनी तिकिटाबरोबर ओळखपत्रही काढलं. बुफेच्या दारातून मी हे बघत होते आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

मग इंजिनाजवळच्या डब्यातून बाबा परत आले ते समाधानाने.

"एक सापडला," म्हणाले.

"कोण सापडला?"

"फुकट्या. चांगला माझ्या वयाचा, हॅट घातलेला. तिकीट मागितलं तर हसला. पुन्हा मागितलं, तर आधी स्वतःच्या छातीकडे बोट केलं आणि मग इंजिनाकडे. म्हणजे ड्रायव्हर ओळखीचा! जन्मभर हेच ऐकलं, सूनबाई. कुणाचा ड्रायव्हर ओळखीचा, कुणाचा स्टेशनमास्तर साडू. उतरवला मागच्या स्टेशनावर. कुत्रं पण होतं."

कुत्रं म्हटल्यावर मला सगळं कळलं. गाडी त्या थांब्यावरून सुटताना मी खिडकीतून पाहिलं होतं. रिमझिम पावसात एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन उभे होते आणि आमच्याकडे बघून त्यांनी हॅट उचलली होती. मी त्यांना हातही केला होता! ते आमचे संस्थापक होते. गावातले गुरांचे डॉक्टर, ज्यांनी रूळ उखडायला आलेल्या माणसांसमोर आपली मोटार आडवी लावली होती. दर रविवारी ते पुढच्या डब्यात बसत. त्यांना पाहून लोक उठून उभे राहत. त्यांना तिकीट विचारणं म्हणजे लग्नात नवरदेवाला निमंत्रणपत्रिका विचारणं.

एकेरी लाइनवर गाडी मागे नेता येत नाही. शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं, इंजिन सोडवायचं, त्याला पाणी पाजायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि मग परत यायचं. एरवी हा सोहळा मी प्रवाशांना रंगवून सांगते. त्या दिवशी मला वाटत होतं की इंजिन मुद्दाम घोटाघोटाने पाणी पितंय.

तिथेच बाकावर बसवून मी बाबांना सांगितलं, "बाबा, ही रेल्वेच त्यांची आहे."

"मग त्यांनी तर आधी तिकीट काढायला पाहिजे," बाबा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हाताऱ्या माणसाला पावसात उभं केलं मी. परक्या मुलखात येऊन. चल, शुक्रवार जवळच आहे, ते बरं झालं."

परतीच्या वाटेवर ते सामानाच्या डब्यात बसून राहिले. त्या थांब्यावर संस्थापक चढले. चिंब भिजले होते. गार्डबाईंनी शिट्टी वाजवली तीसुद्धा हळू.

संध्याकाळी गाडी शेडमध्ये लावून झाली की आम्ही सगळे लांब टेबलाभोवती बसतो. संस्थापक कोरडा स्वेटर घालून आले, उभेच राहिले, आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाबांकडे बोट केलं.

"मी ओला झालो. माझा कुत्रा ओला झाला," ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू अजिबात नव्हतं. "एक कास्टन."

आणि आख्ख्या टेबलाने मुठी आपटायला सुरुवात केली.

इथे मला नाटक थांबवून प्रेक्षकांशी बोलावं लागेल. कास्टन म्हणजे बाटल्यांचं क्रेट. आमच्या फेराइनमध्ये कुणी घोळ घातला की त्याने सगळ्यांना बिअरचं एक क्रेट पाजायचं आणि बाकीच्यांनी टेबलावर मुठी आपटून ते मंजूर करायचं, अशी रीत आहे. पण ती रीत घरच्यांसाठी. पाहुण्याने काहीही केलं तरी त्याला माफ असतं. मी नवी असताना माझ्या हातून कपांचा आख्खा ट्रे पडला, तर सगळे गोड हसून "काही हरकत नाही" म्हणाले होते. पुढे माझ्याकडून कॉफीचं भांडं कोरडं जळलं आणि इंजिनड्रायव्हर माझ्यावर ओरडला, "कास्टन!" त्या दिवशी मी घरी नाचत गेले होते.

आणि आज, केक भरवून भरवून ज्यांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं, त्या माझ्या सासऱ्यांना कुणीही "काही हरकत नाही" म्हणत नव्हतं. माझे डोळे भरून आले. बाबांना वाटलं, फारच मोठी शिक्षा झाली.

"काय म्हणतात? गाडीत पाय ठेवायचा नाही?"

"नाही बाबा. पुढच्या रविवारी सगळ्यांना बिअर पाजायची."

बाबा उभे राहिले. आमचं घर पंचशील मानणारं. त्यातलं पाचवं शील बाबांनी रेल्वेच्या नोकरीत, रात्रपाळ्यांत, साहेबांच्या निरोप समारंभात कधी मोडलं नव्हतं. "त्यांना सांग, चूक झाली, दंड कबूल," ते म्हणाले. "पण दारू मी पीत नाही आणि पाजतही नाही. दुसरं काही मागा."

मी सांगितलं. टेबलावर कुजबुज झाली. गार्डबाई म्हणाल्या की क्रेट भरलेलं पाहिजे, कशाने भरायचं याचा नियम त्यांच्या ऐकिवात नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. इथे संपलं असतं. पण बाबा बसले नाहीत.

"आणि हेही विचार," ते म्हणाले, "की ह्यांनी विनातिकीट प्रवास केला, त्याचं काय?"

मी हे गिळू शकले असते. कुठल्याही शहाण्या सुनेने गिळलं असतं. मी रंगभूमीवरची बाई. मी खाकरले, आवाज लावला आणि शब्द न् शब्द जर्मनमध्ये सांगितला.

मग सगळ्यांच्या माना हळूहळू संस्थापकांकडे वळल्या.

"गेनाऊ," इंजिनड्रायव्हर म्हणाला. अगदी बरोबर! "दोन कास्टन."

मुठी पुन्हा सुरू झाल्या. संस्थापकांचे कान लाल झाले. त्यांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी त्यांच्याकडे. मग ते खाली बसले आणि स्वतःच टेबलावर एक मूठ आपटली.

घरी आल्यावर बाबांनी कोट काढायच्या आधी मुलाला हाक मारली. "शुक्रवारचं विमान रद्द कर."

"का हो बाबा?"

"रविवारी दंड भरायचाय. दंड बुडवून पळालेला टी.सी. कधी पाहिलास?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी लावायला वळले, कारण माझ्या तोंडावर जे पसरलं होतं ते त्याने पाहू नये असं मला वाटत होतं.

शनिवारी आम्ही रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने धुतल्या. बाबांनी मठ्ठा करायचं ठरवलं होतं. ते स्वयंपाकघरात उभे राहून मला सांगत होते, की आलं किसायचं नाही, ठेचायचं. तुझ्या सासूबाई ठेचायच्या. कोथिंबिरीचे देठ टाकायचे नाहीत. हिंग शेवटी. एकदा तिने विसरून दोनदा मीठ घातलं आणि कबूलच करेना, आख्खा दिवस त्याला कढी म्हणत राहिली. आई गेल्यापासून बाबा त्यांच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मी आलं ठेचत राहिले आणि मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारत राहिले, मग काय झालं, मग काय झालं.

या लोकांनी माझ्या सासऱ्यांना माफ केलं नाही, याचे उपकार मी कशाने फेडणार?

रविवारी लांब टेबलावर दोन क्रेट शेजारी शेजारी ठेवले गेले. ड्रायव्हरने आधी मठ्ठ्याची बाटली उचलली, डोळे मिटून घोट घेतला, मिरची लागल्यावर उघडले आणि दुसरी बाटली बगलेत दाबून बसला. संस्थापक आपली बाटली घेऊन बाबांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. कुत्राही गेला. त्यांनी बाटलीकडे बोट करून काहीतरी विचारलं. बाबांनी त्यांना सगळी कृती मराठीत सांगायला घेतली, देठांसकट, आणि मग गाडी दोनदा मीठ घालण्याकडे वळली. संस्थापक मान हलवत ऐकत होते. मध्येच त्यांनी जर्मनमध्ये काही लांबलचक सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "हो ना. बायका कबूल करतच नाहीत."

मी भाषांतर करायला लगबगीने निघाले, तर गार्डबाईंनी मला दंडाला धरून मागे ओढलं, उष्ट्या कपांचा ट्रे माझ्या हातात दिला आणि विचारलं, तुला काही कामं नाहीत का.