पुस्तक देव्हाऱ्यातून खाली काढा

मुठा

मुंबईच्या गाळ्यात एकत्र राहणाऱ्या गावकरी मंडळींनो,

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. आज राग आवरत नाही म्हणून लिहितो. सर्वांना वाचून दाखवा, माझ्या लेकाला, नामदेवाला आधी.

नामदेवा, तू कळवलंस की तुझ्या लेकीला, तारीला वाचता येत नाही, तिला शाळेतून काढून शेळ्यांमागे धाडा. अरे, पोर वाचणार कशी? फाटू नये म्हणून तिचं पुस्तक तूच दिवाळीत देव्हाऱ्यात बांधून ठेवलंस. हळदकुंकू पुस्तकाला आणि पोरगी कोरडी.

आज गुरुजींनी आयांना शाळेत बोलावलं. म्हणाले, "घरी पोरांना जवळ बसवून वाचायला लावा."

सूनबाई म्हणाली, "मला अक्षर येत न्हाई, गुरुजी."

"पुढं काय झालं, एवढं विचारता येतं ना?"

"त्ये येतंय की. शेजारणीला रोजच इचारते."

सगळ्या हसल्या. संध्याकाळी सूनबाईनं देव्हाऱ्यात बांधलेलं पुस्तक सोडून खाली घेतलं. तारी अडखळत कोल्ह्याची गोष्ट वाचत होती आणि आई "मग?" म्हणत होती. भाकरी करपली, पण पोरगी गोष्ट संपेपर्यंत थांबली नाही.

मंडळी, तुमच्या घरची पुस्तकं कुठं आहेत?

नामदेवा, शेळ्या मी राखीन. तारी शाळेत राहील, एवढं लवकर कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.