मासोळी दाखवणाऱ्याचा वाटा

सांगलीहून निघताना नवऱ्याने विचारलं, "भंडाऱ्याला कुणी मुद्दाम फिरायला जातं का?" मी म्हटलं, "मी जाते," आणि पिशवीत चकलीचा डबा कोंबला. खरं तर उत्तर माझ्याकडेही नव्हतं. एका मुलीने फोनवर "ताई, या न आमच्या गावाले एकदा" असं इतक्यांदा म्हटलं होतं की आता न जाणं वाईट दिसलं असतं.

त्या मुलीचं नाव निकिता. तिची न् माझी ओळख कशी झाली ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं चमत्कारिक वाटेल. मी मुद्रितशोधक आहे. छापखान्यांची कामं आटली तशी वेबसाइटवरचा मजकूर तपासायला लागले. त्यातली एक वेबसाइट कॅसिनोतले पत्त्यांचे खेळ मराठीतून शिकवणारी होती. ही गोष्ट पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी यायच्या जरा आधीची. एका लेखात वाक्य होतं, "विमा कधीही घेऊ नका." माझा नवरा विमा कंपनीतून निवृत्त झालेला. मी त्या वाक्यापुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह टाकलं, तर लेखिकेचाच फोन आला. ब्लॅकजॅक नावाच्या खेळात, पानं वाटणाऱ्याचं उघडं पान एक्का निघालं की वेगळी रक्कम लावून 'विमा' घ्यायची सोय असते आणि ती नेहमी तोट्याची असते, असं तिने मला शांतपणे समजावलं. मग आमचे फोन वाढत गेले. ब्लॅकजॅकवर एवढं काम करणाऱ्या आम्ही दोघी, पण कॅसिनोची पायरी दोघींपैकी एकीनेही पाहिलेली नव्हती.

आमच्याकडून गाडी थेट जाते. दिवस, रात्र आणि पुन्हा दिवस अशी ती राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रखडत पोचते. नागपूरला उतरून मी तर्री-पोहे खाल्ले, ते इतके तिखट की डोळ्यांतून पाणी आलं, आणि गाडीने शिट्टी दिली तेव्हा मी हातात द्रोण घेऊन प्लॅटफॉर्मवर पळत होते. पुढे धानाची शेतं लागली. कापणी होऊन गेलेली, बांध्यांत (भाताच्या खाचरांत) नुसती खुंटं, मधूनच चकाकणारं तळं, तळ्याच्या कडेला बगळे. आमच्याकडे उसाने डोळे बुजतात. इथे लांबवर नजर जाते, याचंच मला नवल वाटत राहिलं.

भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, ते वरठीत आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "कारधा इथून चालत किती?" असं मी निकिताच्या गावाचं नाव घेऊन रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "चालत कायले जाता जी? साली जिंदगी जास्त झाली का?" तेवढ्यात स्कूटीवरून एक सडपातळ, तिशीला टेकलेली मुलगी समोर येऊन थांबली. "ताई न? आवाजावरून वळखलं." मी तोवर फक्त रिक्षावाल्याशी भांडले होते.

कारधा हे भंडारा शहराच्या समोर, वैनगंगेच्या पलीकडच्या काठावरचं गाव. मधे लांबलचक पूल. खालच्या अंगाला धरण झाल्यापासून नदी इथे पसरून बसली आहे, वाहते की नाही ते कळत नाही. निकिताचं घर पुलापासून जवळ. वडील शालिकराम, सगळे शालिकभाऊ म्हणतात, पिढीजात मासेमार. आई देवकाबाई. दारात जाळी वाळत टाकलेली, आणि घराच्या डोक्यावर नवी कोरी एक खोली, तिला निळा रंग.

"हे निकीनं बांधली जी," शालिकभाऊंनी हात वर करून दाखवलं. "माया डोळ्याचं ऑपरेशन बी तिनंच केलं," देवकाबाई म्हणाल्या. लेकीचं कौतुक दोघांच्या तोंडावरून नुसतं सांडत होतं. जेवायला मरळ माशाचा रस्सा, वर भरपूर सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर, डाळीचं सांबार नव्हे) आणि भाताचा डोंगर. मी चकल्या काढल्या तर देवकाबाईंनी एक खाऊन पाहिली आणि प्रेमाने म्हणाल्या, "चांगली हाय, पन तिखट कमी हाय."

निळी खोली म्हणजे निकिताचं ऑफिस. एक टेबल, एक लॅपटॉप, खिडकीतून नदी. संध्याकाळी ऊन उतरताना तिने मला तिथे बसवलं आणि खेळाचा तक्ता दाखवला, जो मी शंभरदा तपासला होता पण कधी समजून घेतला नव्हता. आपल्या पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पुढे गेली की बुडालो. वाटणाऱ्याचं एक पान उघडं असतं. "तुमच्याजवळ सोळा हाय अन् त्याचं पान सहा हाय, तर काय करसान?"

"आणखी एक पान घेईन."

"नाही न ताई. गप बसायचं. सतरा होईपर्यंत त्याले पान घ्यावंच लागते, बुडायची पाळी त्याची हाय. पन त्याचं पान दहा असलं, तर तुमाले घ्यावं लागते, भेव वाटलं तरी." ती शिकवायची ते फार छान. तिला मास्तरीण व्हायचं होतं, डी.एड. करून बसली, जागा निघाल्या नाहीत. मग हे काम मिळालं. प्रत्येक लेखाच्या शेवटी ती एक ओळ लिहायची, तीही मला आठवली : या तक्त्याप्रमाणे खेळलात तर कमी हराल, जिंकाल असं नाही.

"आणि पैसे लेखाचे मिळतात?" मी विचारलं.

"लेखाचे थोडे. खरे पैसे लिंकचे." लेखाखाली तिच्या नावाची लिंक असते. त्या लिंकवरून जो कॅसिनोत जाईल तो तिच्या खात्यावर लागतो. मग तो जे हरेल त्यातला काही वाटा वेबसाइटला, आणि त्यातला वाटा हिला.

"हरेल त्यातला?"

"हो ताई. त्याचा खिसा खाली झाला तरच." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी खोटं तर नाही लिहीत. तक्ता खरा हाय. माहीत नसताना खेळण्यापेक्षा माहीत करून खेळलेलं बरं, असं मी मनाले समजावते." ती वाईट मुलगी नव्हती, हे तर मला दिसतच होतं.

सकाळी शालिकभाऊंनी मला डोंग्यात (लहान नावेत) बसवलं. नदीवर धुकं होतं. डोंगा हलला की मी त्याची कड घट्ट धरत होते आणि ते हसत होते. रात्री लावलेली जाळी सगळे मिळून ओढत होते, चार-पाच डोंगे होते. शालिकभाऊ वल्हं मारता मारता मला त्यांची रीत सांगू लागले.

"मासोळी काठावर आनली का वाटे पडतात. सगळ्याइचे बरोबर. एक वाटा जाळ्याचा, एक डोंग्याचा. अन् एक ज्यानं मासोळी दाखवली त्याचा. एखादी म्हातारी धुनं धुवून राहिली अन् तिनं सांगतलं, बाप्पा, तिकडं पानी हालून राहिलं, तर तिचा बी वाटा. घरी नेऊन देतो आमी."

"आणि तिथे मासा नसलाच तर?"

"मंग कायचा वाटा जी? जाळं खाली तर तिचं बी खाली. वरून गावभर चिडवतो तिले." मग वल्हं थांबवून ते अभिमानाने म्हणाले, "आमची निकी बी तेच काम करते न. लोकाइले दाखवते, इथं मासोळी हाय. त्याइले भेटली का हिले वाटा. आज सगळे हाजिर हायत, मच्छीचा पैसा बी कालच भेटला. मी सगळ्याइले सांगतलं, आपापले मोबाईल घेऊन या, निकी लिंक टाकून देईन. आपल्या पोरीच्या हातानं सगळ्याइचं भलं झालं तर काय वाईट हाय?"

ही माणसं मासा दाखवणाऱ्याला मिळालेल्या माशातून वाटा देतात. वाटा हरण्यातून येऊ शकतो हे त्यांच्या रीतीत बसतच नव्हतं. शालिकभाऊंना सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

काठाला लागल्या लागल्या मी चहा घेऊन आलेल्या निकिताला बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "मागं एकदा बाबानं विचारलं होतं, वाटा कायचा भेटते म्हनून. मी म्हटलं, रस्ता दाखवल्याचा. त्यानं आपलं आपलं लावून घेतलं," ती म्हणाली. "आता चार लोकाइत सांगतलं तर त्याची मान खाली जाईन. अन् नाही सांगतलं तर..."

वाळूवर ताडपत्री पसरून वाटे पडत होते. शालिकभाऊ उकिडवे बसून एकेक मासा ढिगात टाकत होते, मोठ्यासोबत लहान, कुणाला कमी जास्त होऊ नये म्हणून. त्यांचे जुने सोबती हिरामणकाका चष्मा वर करून मोबाईल पुढे धरून उभे होते. "निकी, माया मोबाईलमंदी पह्यले टाक, बाई."

"काका, ठेवा तो मोबाईल खिशात," निकिता म्हणाली. आवाज मोठा होता. "सगळेच ठेवा. बाबा सांगते तसं नाही हाय ते."

सगळे बघायला लागले.

"तुमी म्हातारीले वाटा देता, थो जाळ्यातल्या मासोळीतून देता. माया वाटा तुमच्या खिशातून येते. तुमी हरले तरच येते. तिथं जाळं कंपनीचं हाय काका, अन् मासोळी तुमी हा."

"पन तू तर शिकवते न, कसं खेळावं ते? तुया बाप तर सांगे," हिरामणकाका गोंधळून म्हणाले.

"शिकवते. तसं खेळलं तर मानूस हळू हळू हरते. पन हरतेच."

शालिकभाऊंच्या हातात एक रोहू होता. तो तसाच धरून त्यांनी विचारलं, "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी लय खूश होते, बाबा."

ते खाली मान घालून वाटे पाडत राहिले. तो रोहू चुकीच्या ढिगात पडला, हिरामणकाकांनी तो उचलून बरोबर ढिगात ठेवला. मोबाईल एकेक करून खिशात गेले. कुणी निकिताला टाकून बोललं नाही, कुणी शाबासकीही दिली नाही. मला तिच्याजवळ जाऊन तिला पोटाशी धरावंसं वाटत होतं, पण एवढ्या पुरुषांत ते तिला आवडलं नसतं.

त्या दिवशी शालिकभाऊ जेवायला घरी आले नाहीत. देवकाबाई ताट झाकून ठेवत म्हणाल्या, "येईन थो. पान्यावर गेला का डोकं थंड होते त्याचं." संध्याकाळी ते आले, जेवले, पण लेकीशी एक शब्द बोलले नाहीत. निळ्या खोलीतला दिवा लागला नाही. मी पाहुणी, मी कुठे बघावं तेच मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला वरठीला सोडायला निकिता निघाली, तर शालिकभाऊंनी आपली मोटारसायकल काढली. "मी सोडतो ताईले." पुलावरून जाताना वारा बोचत होता. स्टेशनवर कळलं, गाडी उशिरा आहे. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी विचारलं, "ताई, ते हरते म्हनून सांगतलं तिनं, ते लिवलं बी होतं का?"

"होतं. दर लेखाच्या शेवटी. मी स्वतः तपासलंय."

"मंग लोकं वाचत नाहीत का?"

"शेवटपर्यंत नाही वाचत."

ते रुळांकडे बघत बसले. मग म्हणाले, "मी बी नाही वाचलं जी. मले वाचता येते, सातवी पास हाव मी. पोरगी लिवते, पोरगी लिवते म्हनून सगळ्या गावात सांगत फिरलो. पन काय लिवते, थे एकदा बी नाही वाचलं." त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायची लाज त्यांना वाटली नाही. मी माझ्या फोनवर तो विम्याचा लेख काढून दिला. त्यांनी फोन हातभर लांब धरला, ओळीखाली बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचायला लागले. गाडी आली तेव्हा ते दुसऱ्या परिच्छेदावर होते. मी लेख त्यांच्या फोनवर पाठवून दिला आणि डब्यात चढले. खिडकीतून पाहिलं तर ते बाकावरच होते, गाडी हलली तरी त्यांनी फोनमधून मान वर केली नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, काय पाहिलंस तिकडे? नदी, तळी, बगळे, असं मी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण माझ्या मनात दुसरंच चालू होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी लिहिलेलं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचत आले, पण मला त्याचे पैसे मिळतात. पैसे न घेता आपलं कुणी शेवटपर्यंत वाचावं, हे लिहिणाऱ्याला किती हवं असतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

काही दिवसांनी निकिताचा फोन आला. ते काम तिने सोडलं होतं. आता पुढे काय, हे विचारायचा मला धीर होईना. तीच म्हणाली, "ताई, बाबा काल खोलीत आले. वर चढून कधी येत नाहीत ते. सगळे लेख वाचले म्हने त्यानं, एकूण एक. मी म्हटलं, आता नाही लिहीत बाबा मी. तर म्हनते, लिवनं कायले सोडते? कायवर बी लिव, पन पह्यले मले दे वाचाले."