बाराला एक

आमच्या ऑफिसातले मुहंदिस पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बेल वाजवायच्या आधी ते बिल्डिंगच्या दारातल्या उतारावर उकिडवे बसले. खिशातून वीतभर लेव्हल काढली, उतारावर ठेवली, आतला बुडबुडा बघितला आणि मान हलवली. मी आपली "या, या" करत उभी, आणि पाहुणे खालूनच म्हणाले, "मॅडम, बाराला एक हवा. हा सातला एक आहे. हा उतार नाही, घसरगुंडी आहे."

बाराला एक म्हणजे एक फूट वर चढायचं तर उतार बारा फूट लांब हवा. व्हीलचेअरवरचा माणूस स्वतःच्या हातांनी चढू शकेल तो हा एवढाच. सौदीत आम्ही दोघं एकाच कन्सल्टंटकडे होतो, नवे बसस्टॉप नियमाप्रमाणे आहेत की नाहीत ते तपासायचं काम. ते मोजायचे, मी त्यांचे कागद सांभाळायची. अरबीत इंजिनिअरला मुहंदिस म्हणतात, आणि हाक मारताना आधी "या", म्हणजे "अहो", लावतात. ऑफिसात इंजिनिअर पैशाला पासरी, पण "या मुहंदिस" अशी हाक आली की मान हेच वर करायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याच्याबरोबर बाहेर जायचं म्हणजे शिक्षा. कतीफच्या मासळी बाजारात मी रत्नागिरीची बाई हामूर मासा बघून हरखलेली, आणि हे दारात वाकून पायरीला टेप लावतायत. कोळ्यानं शेवटी न राहवून सांगितलं, "सदीक, म्हणजे दोस्त, मछली अंदर है." हे म्हणाले, "अंदर जायेगा कैसे, वो देखता हूँ." कोळी माझ्याकडे बघायला लागला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

हे वेड कुठून आलं ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. त्यांच्या पत्नी दम्मामच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. मणक्याच्या ऑपरेशननंतर पायांतली शक्ती गेली ती गेलीच. घरात त्या सगळं करायच्या. ओटा त्यांच्या उंचीला कापून घेतलेला, कपाटाच्या मुठी खाली आणलेल्या. मला म्हणाल्या, "ताई, लग्नात माझं माप यांनी घेतलं नसेल, ते आता घेतायत."

पण बाहेर जायचं म्हणजे टॅक्सी, आणि टॅक्सी म्हणजे ड्रायव्हरनं काखेत हात घालून उचलायचं. बिचारे ड्रायव्हर भले होते, तक्रार त्यांच्याबद्दल नव्हतीच. पण एकदा असं उचलताना अंगावरचा काळा झगा, अबाया, वर सरकला, आणि घरी येऊन त्या म्हणाल्या, "परत नाही." दीड वर्ष त्या दवाखान्याखेरीज कुठे गेल्या नाहीत.

मग आमच्याकडे बस सुरू झाली. नवी, लो-फ्लोअर, दारातून फळी बाहेर टाकणारी. त्यांच्या बिल्डिंगपासून सत्तर पावलांवर स्टॉप, आणि उतरायचं ते शाळेच्या कोपऱ्यावरच. शाळेतून फोन आला, नव्या सत्रापासून सकाळचे दोन तास घ्याल का, फक्त यायचं-जायचं तुमचं तुम्हाला जमलं पाहिजे. मुहंदिस पहाटेच साईटवर जायचे. म्हणजे जायचं ते एकटीनं. बाईंनी त्याच दिवशी नवे खडू मागवले. शाळेतून खडू जाऊन किती वर्षं झाली, पण मागवले.

स्टॉपची काळजीच नव्हती. तो मुहंदिसांनी स्वतः तपासलेला. आमच्या फॉर्मवर तीन रकाने असायचे: आहे, नाही, लागू नाही. छप्पर, रुंदी, पिवळ्या ठिपक्यांच्या फरशा, व्हीलचेअरची जागा, सगळ्याला "आहे". फक्त "स्टॉपपर्यंत येणारी वाट" या ओळीपुढे "लागू नाही". रस्ता दुसऱ्या खात्याचा, म्हणून तिथे आम्ही सगळेच डोळे मिटून ती खूण करायचो. कायदा चांगला, नियमावली त्याहून चांगली. वाट तेवढी दोन खात्यांच्या मधे पडली होती.

एका शुक्रवारी, आमच्याकडच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही रंगीत तालीम करायला निघालो. गल्ली ओलांडली, आणि स्टॉपचा फुटपाथ सुरू होतो त्या कोपऱ्यावर खुर्ची थांबली. समोर फुटपाथची फूटभर उंच कड. उतार नाही.

मुहंदिस त्या कडेवरच बसले. "इथून मी कितीदा चढलोय," ते म्हणाले. "लेव्हल हातात घेऊन. पाय उचलला आणि चढलो."

बाई म्हणाल्या, "आजच्या दिवस उचला. बस तर बघू."

बस आली, एका बाजूला झुकली, फळी बाहेर आली. खुर्ची अशी आत गेली, जशी लोण्यात सुरी. किनाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर त्या ओरडल्याच, "अहो, समुद्र!" दीड वर्षानं बघत होत्या. मुहंदिस फळीची रुंदी मोजायला विसरले, यावरून काय ते समजा.

मग अर्ज सुरू झाले. स्टॉपवाले म्हणाले रस्तावाल्यांकडे जा, रस्तावाले म्हणाले स्टॉपवाल्यांनी लिहून द्यावं. दोन्हीकडे चहा मिळाला आणि "इन्शाल्ला" मिळालं. सत्र सुरू व्हायला तीन आठवडे उरले, तेव्हा मुहंदिसांनी सिमेंट आणायचं ठरवलं.

शेजारचे सौदी आजोबा जाणते होते. त्यांनी आपल्या दुकानापुढचा हातभर खडा उतार दाखवला आणि म्हणाले, "या मुहंदिस, छोटा बनाओ. कोई नहीं देखता." त्या गल्लीत प्रत्येक दुकानापुढे तसा उतार होता आणि कुणी कधी हटकलं नव्हतं. मीही तेच सांगितलं. बाई तर हात जोडून म्हणाल्या, "अहो, चारला एक करा. दंडात जोर आहे माझ्या."

"मागे उलटशील. डोकं आपटेल. मी घरी नसेन."

"नाही उलटणार."

"बाराला एक," ते म्हणाले. विषय संपला.

फूटभर उंचीला बारा फूट. त्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं शुक्रवारभर खपून तो बांधला, दोन्ही बाजूंना कठडा, खाली-वर सपाट जागा. इतका देखणा उतार मी अख्ख्या प्रांतात बघितला नाही. पण तो गल्लीच्या तोंडावर आडवा पसरला. बाई त्यावरून तीन दिवस एकट्या चढल्या-उतरल्या, आणि त्या तीन दिवसांत एकही गाडी गल्लीत धड वळली नाही. कुणीतरी तक्रार केली. गुरुवारी जेसीबी आला आणि दहा मिनिटांत खलास. त्या लोकांचं तरी काय चुकलं? रस्त्यात विनापरवाना बांधकाम होतं, आणि ते होतंच.

रविवारी, आमच्याकडच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळा उघडली. मी सकाळी गेले तर बाई तयार होऊन कोपऱ्यावर, मांडीवर पर्स. मुहंदिस रजा टाकून शेजारी. बस दिसायला लागली. "चल, उचलतो," ते म्हणाले.

"आज उचलाल. उद्या?" त्यांनी खुर्ची वळवली आणि त्या घराकडे गेल्या. बस थोडी थांबून निघून गेली.

शाळेनं एक आठवडा वाट बघितली, मग दुसऱ्या बाई घेतल्या. ऑफिसात प्रकरण पोचलं: नियम तपासणाऱ्यानंच नियम मोडला. मुहंदिसांचा इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, पुढे वाढवला नाही. शेवटच्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. भर ऑफिसात म्हटलं, "खडा केला असता तर त्या आज वर्गात असत्या! काय मिळालं त्या बारानं?" त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आणि पडली असती तर?" ते मलाही कळतं, आणि तरी अजूनही मला त्यांचा राग येतो.

ते कऱ्हाडला गेले. पहिला मजला, लिफ्ट नाही. परवा बाईंचा फोन आला. एसटीची पायरी गुडघ्याच्या वर आहे म्हणाल्या, पण अडत काही नाही, हाक मारली की चौघे धावत येतात. "इथे माणसं फार चांगली आहेत हो ताई. सगळे उचलायला तयार असतात."

"आणि मुहंदिस?" मी विचारलं.

"तेच तर सगळ्यांत आधी येतात उचलायला," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.